पुलीचा हिशेब आणि मोटारीची बॅटरी

सायकलीला डायनॅमो लावून ज्यांनी रात्री गावची वाट धरली आहे, त्यांना आजचा विषय फोड करून सांगायला नको. उतार लागला की दिवा लख्ख. चढ आला, पाय मंदावले, की दिव्याने मान टाकलीच. म्हणजे ऐन खाचखळग्यांत उजेड नाही! मोटारीच्या विजेचा इतिहास हा पुष्कळसा याच अडचणीचा इतिहास आहे.

अगदी पहिल्या मोटारींना विजेचे काम थोडे. दिवे गॅसवर जळत आणि इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. हे हँडल मोठे खुनशी. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या इंजिनियराने १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर दिला. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर त्याने आधीच बसवली होती. क्षणभरच जोर लावायचा असेल तर मोटर अवाढव्य लागत नाही, हे तिथे त्याच्या ध्यानात आले होते. पण स्टार्टर आला म्हणजे बॅटरी आली, आणि खर्चलेली वीज परत भरणेही आले. केटरिंगने एकाच यंत्राकडून दोन्ही कामे करून घेतली. पुढे बहुतेक मोटारींत भरणीसाठी वेगळा डायनॅमो आला. तो इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून पट्ट्याने फिरे.

इथे पिठाची गिरणी आठवा. मोठ्या पुलीवरून लहान पुलीवर पट्टा घातला की लहान पुली जास्त फेरे घेते. मग डायनॅमोची पुली अगदी लहान का केली नाही? कारण डायनॅमोत तांब्याच्या तारेचे जड वेटोळे स्वतःच फिरते. फार वेगाने फिरवले तर तारा जागा सोडतात, ब्रशांशी ठिणग्या उडतात. म्हणून इंजिन धावताना जपावे, तर सावकाश चालताना वीज पुरत नाही. शहराच्या गर्दीत दिवे लावून रांगत जाणारी गाडी बॅटरी खात असे.

यातून सुटका झाली ती अल्टरनेटरने. यात फिरतो तो चुंबकाचा भाग, आणि वीज निपजते ती स्थिर वेटोळ्यात. म्हणून वेग सोसतो. मात्र ही वीज उलटसुलट वाहणारी. तिला एका दिशेला लावणारी जुनी साधने बोजड होती. सिलिकॉनचे चिमुकले डायोड हाती आल्यावर क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर बसवला. बाकीचे कारखानदार मागोमाग आले.

आता गंमत पाहा. इतके करून सुटलेली अडचण शर्यतीच्या हौशी लोकांनी पुन्हा घरात आणली! शर्यतीत थोडीशी शक्तीही मोलाची. पाण्याचा पंप, पंखा, अल्टरनेटर हे सारे इंजिनाच्याच जिवावर फिरतात. तेव्हा इंजिनाची पुली लहान करा, म्हणजे ही मंडळी हळू फिरतील आणि वाचलेली शक्ती चाकांना मिळेल, असा विचार निघाला. अमेरिकेत पाच लिटर इंजिनाच्या फोर्ड मस्टँग गाड्यांवर १९८० नंतर असे पुलीसंच लोकप्रिय झाले. विचार खोटा नाही. पंपाचे फेरे दुप्पट झाले तर त्याला लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. म्हणून वेगात बचत खरीच होते.

पण हिशेब मांडा. शिक्षकांनी फळ्यावर मांडावा असाच आहे. इंजिनाची पुली सहा इंच, अल्टरनेटरची दोन इंच. इंजिन जागच्या जागी मिनिटाला ७०० फेरे घेत असेल तर अल्टरनेटर २१०० घेतो. इंजिनाची पुली साडेचार इंच केली की ते १५७५ वर येतात. फेरे पाव हिश्शाने घटले. पण वीज त्याहून अधिक घटू शकते, कारण इतक्या कमी वेगात अल्टरनेटर नुकताच कुठे जोर धरत असतो. रात्री सिग्नलपाशी दिवे आणि पंखा चालू ठेवून गाडी उभी राहिली की बॅटरी रिती होऊ लागते. आणि शिशाची बॅटरी वरचेवर अर्धी रिती राहिली की पत्र्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. मग ती पुरती भरतच नाही.

यावर उपाय असा की पंप हळू फिरू द्यावा, अल्टरनेटर मात्र पहिल्याच वेगाने. त्याची पुली दीड इंचाची केली की प्रमाण पुन्हा तीनास एक. यात शर्यतीचे नुकसान फारसे नाही. अल्टरनेटर शक्ती ओढतो ती मुख्यतः विजेच्या मागणीप्रमाणे. दिवे तेवढेच असतील तर त्याला हळू फिरवून थोडकेच वाचते. पुली लहान झाली की पट्ट्याची पकड मात्र कमी होते, म्हणून ताण नीट हवा. वरच्या वेगाचाही हिशेब पाहावा. इंजिन ६००० फेऱ्यांवर गेले की अल्टरनेटर १८००० वर जातो. तेवढा वेग त्याला झेपणारा आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

आणखी एक. काही इंजिनांच्या पुलीतच कंप शोषणारे रबर असते. ती काढून नुसती हलकी पुली लावणे धोक्याचे.

काम बरोबर झाले की नाही, हे व्होल्टमीटर सांगतो. इंजिन बंद असताना भरलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. इंजिन सुरू करून मोठे दिवे आणि पंखा लावावा, वेग न वाढवता काटा पाहावा. साधारण चौदाच्या आसपास असेल तर भरणी चालू आहे. साडेबाराच्या खाली उतरत असेल तर पट्टा काढून पुल्या पुन्हा मोजायला घ्याव्यात.