‘सैनिकाचे हृदय’ : एका व्याधीच्या नावांचा इतिहास

मनुष्य स्वस्थ बसलेला असतो. उठून चार पावले टाकतो न टाकतो तोच छाती धडधडू लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि घटकाभराने सर्व काही पूर्ववत होते. वैद्य येईपर्यंत नाडी ठिकाणावर आलेली असते. मागे खूण न ठेवणाऱ्या या विकाराला पाश्चात्त्य वैद्यकाने गेल्या दीडशे वर्षांत अनेक नावे दिली. व्याधीचे नाव ही निव्वळ सोयीची खूण नसते. दोष कोठे ठेवावयाचा याचा तो निवाडा असतो, आणि त्या निवाड्याचे परिणाम रोग्याला भोगावे लागतात. प्रस्तुत लेखात या नावांचा विचार त्या दृष्टीने करावयाचा आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) फिलाडेल्फिया येथील टर्नर्स लेन रुग्णालयात जेकब मेंडेस डा कोस्टा या वैद्याकडे असे अनेक सैनिक आले. तीनशेहून अधिक रोग्यांच्या निरीक्षणावर आधारलेला त्याचा निबंध १८७१ साली प्रसिद्ध झाला. धडधड, छातीत दुखणे, धाप आणि घेरी ही लक्षणे त्याने नोंदविली. पुष्कळांना आधी ज्वर वा अतिसार होऊन गेला होता. पुष्कळांनी लांबच्या कूचाचे श्रम सोसले होते. शरीराची स्थिती बदलताच नाडीची गती झपाट्याने बदलते, हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. या विकाराला त्याने ‘इरिटेबल हार्ट’ म्हटले. येथे एक सावधगिरी हवी. अठराव्या शतकात हालरने रूढ केलेल्या शरीरशास्त्रीय परिभाषेत ‘इरिटेबल’ याचा अर्थ ‘उद्दीपनाला प्रतिसाद देणारे’ असा होता. स्वभावाच्या चिडखोरपणाशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून ‘प्रक्षोभशील हृदय’ हा अनुवाद मूळ अर्थाला अधिक जवळचा ठरतो. त्याच सुमारास, १८७० साली, इंग्लंडमध्ये आर्थर मायर्स या लष्करी वैद्याने सैनिकांच्या हृद्विकारांचा दोष छाती आवळणाऱ्या गणवेशावर व पट्ट्यांवर ठेवला होता. दोघांच्याही लेखी सैनिक निर्दोष होता.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न प्रचंड प्रमाणावर उभा राहिला. ब्रिटिश लष्कराच्या दप्तरात ‘डिसऑर्डर्ड ॲक्शन ऑफ द हार्ट’, संक्षेपाने ‘डी. ए. एच.’, अशी नोंद होत असे. बोलण्यात ‘सोल्जर्स हार्ट’, म्हणजे ‘सैनिकाचे हृदय’, हे नाव होते. प्रथम हॅम्पस्टेड आणि नंतर कोल्चेस्टर येथील लष्करी हृदय-रुग्णालयांत काम करणाऱ्या टॉमस लुईस याला असे आढळले की, यांपैकी बहुतेकांच्या हृदयाच्या रचनेत दोष नाही. क्रमाक्रमाने वाढविलेल्या कवायतीवर त्याने भर दिला आणि ‘एफर्ट सिंड्रोम’, म्हणजे ‘श्रमजन्य लक्षणसमूह’, हे नाव पुढे केले. या नावातून ‘हृदय’ हा शब्दच गळालेला आहे. अमेरिकनांनी १९१८ साली ‘न्यूरोसर्क्युलेटरी अस्थेनिया’ ही संज्ञा योजिली. तीत मज्जासंस्थेचा प्रवेश झाला. पुढे १९४१ साली पॉल वुड याने हा विकार मूलतः मनाचा, भयातून उपजणारा आहे, असे प्रतिपादन केले. डा कोस्टापासून वुडपर्यंतच्या सत्तर वर्षांत व्याधीचे स्थान छातीतून मज्जातंतूंत, आणि तेथून मनात गेले. रोगी मात्र जवळजवळ तीच लक्षणे सांगत राहिला.

या प्रवाहाला समांतर असा दुसराही प्रवाह होता. १८६७ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड पेन कॉटन याने मिनिटास २३२ ठोके पडणाऱ्या एका रोग्याची हकीगत नोंदविली. १८८९ साली लियाँ येथील लेआँ बूव्हरे याने अशा झटक्यांना ‘पॅरॉक्सिस्मल टॅकिकार्डिया’ या अर्थाचे फ्रेंच नाव दिले. ग्रीक ‘टॅकिस’ म्हणजे शीघ्र, ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. ‘झटक्याने येणारी हृदयाची शीघ्र गती’ एवढेच हे नाव सांगते. त्यात कारणाचा दावा नाही, म्हणूनच कदाचित ते टिकले. १९३० साली वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी ईसीजीवर विशिष्ट आकृती दाखविणाऱ्या आणि असे झटके येणाऱ्या ११ तरुण रोग्यांचे वर्णन केले. अशा रोग्यांच्या हृदयात विद्युत्‌प्रवाहाची एक जादा वाट असते, हे पुढे सिद्ध झाले. १९६८ साली ड्यूक विद्यापीठात ती शस्त्रक्रियेने छेदण्यात आली.

हे दोन प्रवाह व्यवहारात वेगळे राहिले नाहीत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हृदयाच्या शीघ्र गतीचे झटके सिद्ध झालेले १०७ रोगी होते. त्यांपैकी ५९ जणांचा विकार प्रथम तपासणीत ओळखला गेला नव्हता. त्या ५९ पैकी ३२ जणांची लक्षणे वैद्यांनी भीती, चिंता वा ताण यांच्या खात्यावर टाकली होती, आणि असे पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या बाबतीत अधिक घडले होते. नावाचा निवाडा चुकला की उपचार वर्षानुवर्षे लांबतो तो असा.

तिसरी घटना १९९३ सालची. शॉनडॉर्फ व लो यांनी उभे राहताच नाडी अतिशीघ्र होणाऱ्या एका लक्षणसमूहाचे वर्णन केले. उभे राहिल्यापासून १० मिनिटांच्या आत, रक्तदाब विशेष न घटता, प्रौढाची नाडी मिनिटास ३० वा अधिक ठोक्यांनी वाढणे, ही त्याची आजची प्रमुख कसोटी होय. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांत तो आढळल्याने त्याकडे पुन्हा लक्ष वेधले. ज्वरानंतरचा विकार आणि स्थितीनुसार बदलणारी नाडी, या दोन्ही गोष्टी डा कोस्टाच्या निबंधात आहेत. तथापि त्याच्या सैनिकांना हाच विकार होता, असे म्हणणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. त्या एका नावाखाली निरनिराळे विकार एकत्र आले असण्याचा संभव आहे. एवढे मात्र म्हणता येते की, १८७१ मधील निरीक्षण नंतरच्या नावांच्या गर्दीत मागे पडले.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात ८० वातविकारांच्या गणनेत ‘हृद्द्रव’ आणि ‘भ्रम’ हे दोन्ही येतात. तेथेही कारण वाताकडे सोपविलेले आहेच. बोलीतील मराठी मात्र असा निवाडा करीत नाही. ‘मला भोवळ आली’, ‘मला घेरी आली’ या वाक्यांत भोगणारा चतुर्थीत आहे, आणि विकार कर्तेपदी राहून त्याच्याकडे ‘येतो’. ‘छाती धडधडते’ यात ध्वन्यनुकारी क्रियापदाने अनुभव सांगितला जातो. दोष कोणाचा, याविषयी वाक्य मौन पाळते. रोगशास्त्राला कारण शोधलेच पाहिजे, आणि कारण सापडल्यावर नावही बदलले पाहिजे, यात वाद नाही. परंतु कारण हाती येण्यापूर्वी नाव ठरविल्यास पुढील तपास त्या नावातच अडकतो, हे वरील इतिहासातून दिसते. तोवर रोग्याचे वाक्य जसेच्या तसे टिपून ठेवणे अधिक शास्त्रशुद्ध होय.