परसातील कोंबड्यांवरील उवा, माइट्स, गोचीड : कोंबडीइतकेच खुराड्याकडेही लक्ष द्या

परसातील कोंबड्यांची अंडी कमी झाली, तुरा फिकट पडला, खुडूक कोंबडी अंड्यांवरून सारखी उठू लागली किंवा कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नसल्या, तर बाह्य परजीवींचा प्रादुर्भाव आहे का, हे तपासावे. लहान पिले रक्तक्षयाने दगावू शकतात. कोंबडीला औषध लावूनही त्रास पुन्हा सुरू होतो, कारण काही परजीवी दिवसा कोंबडीवर नसून खुराड्यात दडलेले असतात.

परजीवी ओळखा

- उवा : चपट्या, फिकट पिवळसर. सगळे आयुष्य कोंबडीच्या अंगावरच जाते. पिसे व त्वचेचा कोंडा कुरतडतात. पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके दिसतात.
- लाल माइट्स : दिवसा बांबूच्या फटीत, गोणपाटाखाली लपतात, रात्री रक्त शोषतात. उपाशी असताना करड्या, रक्त प्यायल्यावर लाल दिसतात. खुराडे रिकामे ठेवले तरी काही महिने तग धरतात.
- गोचीड : मोठी गोचीड भिंतीच्या भेगांत लपून रात्री चावते. तिची पिले मात्र पंखाखाली काही दिवस चिकटून राहतात. गोचिडांमुळे स्पायरोकीटोसिस हा रोग पसरतो. त्यात ताप, हिरवट विष्ठा, सुस्ती आणि मरतुक दिसते.
- पायांवरील माइट्स : पायांचे खवले उचलले जातात, पाय जाड व खरबरीत होतात.

तपासणी कशी करावी?

दिवसा कोंबडी हातात घेऊन शेपटीखालची, गुदद्वाराभोवतीची आणि पंखाखालची पिसे बाजूला करून पाहा. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात जा. बसण्याच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरे फडके फिरवा. त्यावर रक्ताचे लाल डाग उमटले, तर लाल माइट्स आहेत असे समजा.

कोंबडीवरील उपचार

- कोंबड्यांसाठी शिफारस असलेली पावडर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पिसांच्या बुडापर्यंत चोळा. डोळे व चोच जपा.
- उवांची अंडी औषधाने मरत नाहीत. त्यामुळे 7 ते 10 दिवसांनी उपचार पुन्हा करा.
- पायांवर माइट्स असल्यास पाय कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रशने स्वच्छ करा, कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. खवले ओढून काढू नका. हा उपचार काही आठवडे करावा लागतो.
- कोरडी बारीक माती व चाळलेली थंड राख उथळ खड्ड्यात, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. धूळस्नानामुळे परजीवी आटोक्यात राहण्यास मदत होते, पण जास्त प्रादुर्भावात तेवढ्यावर भागत नाही.

खुराड्याची स्वच्छता

1. कोंबड्या बाहेर काढून जुनी गादी, गवत, गोणपाट लांब नेऊन जाळा.
2. दांड्या, डालगी, अंड्यांच्या टोपल्या उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. भेगा पडलेला बांबू बदला.
3. भिंतींच्या भेगा बुजवून चुन्याची सफेदी द्या.
4. पशुवैद्यकाने सुचवलेले परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनयुक्त द्रावण लेबलवरील प्रमाणात फटींत फवारा. पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत सोडा.
5. नव्याने निघालेल्या पिलांसाठी 7 ते 10 दिवसांनी फवारणी पुन्हा करा.

काय टाळावे?

- पिकावरील कीटकनाशक किंवा रॉकेल कोंबडीला कधीही लावू नका.
- इंजेक्शन किंवा तोंडाने द्यायचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. उपचारानंतर अंडी व मांस किती दिवस वापरायचे नाही, हे पशुवैद्यकाला विचारा.
- बाजारातून आणलेली कोंबडी लगेच कळपात सोडू नका. किमान दोन आठवडे वेगळी ठेवून तपासा.

खुडूक कोंबडी बसवण्यापूर्वी टोपली स्वच्छ करून नवीन गवत घाला. 21 दिवस ती एकाच जागी बसते, त्यामुळे टोपलीतील माइट्स तिला सतत चावतात. त्रासून ती उठली, तर अंडी थंड पडून वाया जातात.