नकाशावरची सरळ रेघ

मी जबलपूरहून बोलतोय. फौजेत नकाशावाचन शिकवायचो. निवृत्तीनंतर जंगल राखणाऱ्या तरुणांनाही शिकवतो. पहिल्या तासाला एकच काम देतो: जबलपूर ते नागपूर रस्ता आखा.

बहुतेक जण पट्टीने सरळ रेघ ओढतात. मग मी दाखवतो, ही रेघ सिवनीच्या दक्षिणेला पेंचच्या जंगलातून जाते. पेंच आणि कान्हा यांच्यातली वाघांची वाट ती कापते.

थोडं मागे जाऊ. १८६२ साली कॅप्टन जेम्स फॉर्सिथने पचमढीत 'बायसन लॉज' बांधलं. १८६५ मध्ये जवळच बोरीचं जंगल राखीव झालं. त्या काळात राखणं म्हणजे हद्द आखणं. दोन जंगलांमधल्या जमिनीचा विचार त्यात नव्हता. पण जनावराला हद्द कुठे कळते?

हा हिशेब महामार्गाच्या चौपदरीकरणात पुढे आला. प्रकरण कोर्टात गेलं, काम वर्षानुवर्षं रखडलं. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला, पेंचमध्ये, पूल आणि भुयारी मार्ग मिळून नऊ वाटा प्राण्यांसाठी ठेवल्या. सर्वांत रुंद ७५० मीटर. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून जाणारे वाघही टिपले गेले.

उपाय सापडला, पण भांडणानंतर. आराखडा कागदावर असतानाच जंगल जाणणारा माणूस तिथे बसायला हवा. त्यासाठीच हे प्रशिक्षण.

तरुणपणी मीही एक रस्ता पट्टीने आखला होता. पहिल्याच पावसात नाल्याने तो नेला. म्हणून सांगतो, आधी पायी फिरा, मग पेन्सिल उचला.