वसईच्या घंटा

श्रोतेहो, विरारहून वसई काही दूर नाही. किल्ल्यात शिरलात की सेंट जोसेफच्या चर्चचा उंच मनोरा दिसतो. आत चक्री जिना आहे. चर्चचे छप्पर केव्हाच गेले. पण मनोऱ्यातली घंटा कुठे आहे?

गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली. दोनशे वर्षांत त्यांनी इथे पुष्कळ चर्चे बांधली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. तो वेढा शाळेत सगळ्यांनी वाचलेला आहे, त्यात शिरत नाही. विजयी मराठ्यांनी इथल्या घंटा देशावर नेल्या.

नाशकात पंचवटीला नारोशंकराचे देऊळ आहे, १७४७ चे. दारावरची पोर्तुगीज घंटा मात्र १७२१ ची. म्हणजे देवळाहून वयाने मोठी! वसईच्या विजयाची खूण म्हणून ती टांगली, असे सांगतात. गोदेला पूर आला की पाणी घंटेपर्यंत पोचले का, हे नाशिककर बघतात. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणिसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, १७०७ ची घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे.

कोणी हिला नुसती लूट म्हणतात, कोणी नुसता पराक्रम. मला दोन्ही अपुरे वाटते. घंटेत तांबे आणि कथील असते. तोफाही त्याच धातूंच्या ओतीत. या घंटा वितळविल्या नाहीत, देवाच्याच दारी बांधल्या. आणि मरियमेची मूर्ती कोणी घासून काढली नाही.

गुरुजी, सहल नाशिकला गेली, तर मुलांना नारोशंकराच्या दाराशी थांबवून जरा वर बघायला सांगा.