जबड्याचे हाड, स्टिरॉइड आणि पेशींची साक्ष

स्टिरॉइड औषधांशी ओळख नसलेले घर आज विरळाच. संधिवातासाठी प्रेडनिसोलोनची गोळी असते, दम्यासाठी पंप असतो, अक्कलदाढ काढल्यावर गाल फार सुजू नये म्हणून डेक्सामेथासोन दिले जाते. २०२० साली ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवून दिले की, प्राणवायू लावावा लागलेल्या कोविड रुग्णांमधले मृत्यू याच स्वस्त औषधाने कमी होतात. ही औषधे जीव वाचवतात आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडे झिजवतात. या दोन सत्यांच्या मधल्या प्रदेशातील एका लहान पण विलक्षण भागाची ओळख पुढील पानांत होईल: प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी जबड्याच्या पेशी स्टिरॉइडला कसा प्रतिसाद देतात. दंतवैद्यक, जीवशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे, तसेच कुतूहलाने आलेल्या प्रत्येक वाचकाचे येथे स्वागत आहे.

आरंभीच एक खुलासा. व्यायामशाळांत स्नायू कमावण्यासाठी चोरून घेतली जाणारी स्टिरॉइडे पुरुषी संप्रेरकांच्या कुळातली. आपला विषय आहे तो अधिवृक्क ग्रंथीत तयार होणाऱ्या कॉर्टिसॉलच्या कुळाचा, म्हणजे ग्लुकोकॉर्टिकॉइडचा.

या कुळाचे हाडांशी असलेले वैर औषध हाती येण्यापूर्वीच दिसले होते. १९३२ मध्ये हार्वे कुशिंग यांनी ज्या विकाराचे सविस्तर वर्णन केले, त्यात शरीर स्वतःच कॉर्टिसॉलचा अतिरेक करते आणि हाडे ठिसूळ होतात. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन दिले गेले आणि १९५० मध्ये हेंच, केंडल व राइखश्टाइन यांना त्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आनंदाच्या त्या लाटेमागून मोडलेल्या मणक्यांचे रुग्ण येऊ लागले. हाडाची घट पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक वेगाने होते, हे आता पक्के ठाऊक आहे.

हे बहुतेक ज्ञान मणके, खुबा आणि मनगट यांच्याविषयीचे आहे. जबडा मात्र वेगळ्या घडणीचा आहे. हातापायांची हाडे गर्भाच्या मध्यस्तरातून येतात. जबडा घडवणाऱ्या पेशी भावी मेंदूच्या कडेवरून निघून चेहऱ्याकडे स्थलांतर करतात. पुढे आयुष्यभर हे हाड चघळण्याचा ताण सोसते, दातांच्या फटीतून जीवाणूंच्या शेजारी राहते आणि इतर अनेक हाडांपेक्षा वेगाने स्वतःची फेरबांधणी करते. २००६ साली ‘बोन’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाच व्यक्तीच्या जबड्यातल्या आणि कमरेच्या हाडातल्या मज्जापेशी शेजारी शेजारी वाढवल्या होत्या. जबड्याच्या पेशी अधिक वेगाने वाढल्या आणि उशिरा म्हाताऱ्या झाल्या. माणूस एकच, पण त्याच्या दोन हाडांचे स्वभाव दोन.

दवाखान्यातही हा वेगळेपणा दिसतो. स्टिरॉइडमुळे होणारी झीज रोखायला बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे देतात. कर्करोगातही ती वापरली जातात. ही औषधे घेणाऱ्या ३६ रुग्णांच्या जबड्याचे हाड उघडे पडून निर्जीव झाल्याची नोंद रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. हा विकार जबड्यालाच गाठतो, आणि सोबत स्टिरॉइड चालू असणे हे त्याला पोषक ठरणाऱ्या कारणांत गणले जाते.

म्हणून जबड्याच्या पेशींनाच प्रश्न विचारायला हवा. रोपणासाठी हाड कोरताना किंवा अक्कलदाढ काढताना निघणारी बारीक कपची एरवी टाकूनच दिली जाते. रुग्णाची लेखी संमती आणि नीतिसमितीची परवानगी घेऊन ती प्रयोगशाळेत आणतात, स्वच्छ धुऊन पोषक द्रवात ठेवतात. सदतीस अंश तापमानाला काही दिवसांनी कपचीच्या कडेने पेशी बाहेर सरकू लागतात आणि काही आठवड्यांत बशीचा तळ व्यापतात. मानवी हाडाच्या कपचीतून पेशी मिळवण्याची ही रीत १९८० च्या दशकात इंग्लंडमधील शेफिल्डच्या संशोधकांनी रुळवली. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये पेशींचा साठा जपून देशभरातील संशोधकांना पुरवला जातो. त्यामुळे पेशीसंवर्धन हे मराठी विद्यार्थ्याला दूरचे शास्त्र राहिलेले नाही.

आता या क्षेत्रातले सर्वांत मोठे कोडे. स्टिरॉइडचा रेणू पेशीत शिरतो, तेथील ग्राही प्रथिनाला चिकटतो आणि ही जोडी केंद्रकात जाऊन काही जनुके जागी करते, काही निजवते. शरीरात याचा दीर्घकालीन परिणाम असा होतो की, हाड घडवणाऱ्या पेशी कमी निर्माण होतात, लवकर मरतात, आणि हाड खाणाऱ्या पेशींना उत्तेजन देणारे संदेश वाढतात. बशीत मात्र हेच डेक्सामेथासोन मानवी मज्जापेशींचे रूपांतर अस्थिजनक पेशींत व्हावे म्हणून मुद्दाम घातले जाते! हाड घडवण्याच्या प्रचलित पाककृतीत ते १० ते १०० नॅनोमोलर असते, जोडीला ‘क’ जीवनसत्त्व आणि फॉस्फेट पुरवणारे द्रव्य. चरबीच्या पेशी घडवायच्या असतील, तरीही डेक्सामेथासोनच लागते. तेव्हा मात्रा सहसा १००० नॅनोमोलर आणि सोबतची द्रव्ये निराळी. एकाच औषधाने एकीकडे हाड, दुसरीकडे चरबी, आणि रुग्णाच्या शरीरात झीज.

हा विरोध खरा आहे, त्याचे उत्तर तपशिलात आहे. कोवळी पेशी आणि पक्व पेशी एकाच औषधाला वेगळी उत्तरे देतात. थोडी मात्रा व मोठी मात्रा, दोन दिवस व चार आठवडे यांचे परिणाम भिन्न असतात. एखादी खूण वर जाते तेव्हा दुसरी खाली येऊ शकते: अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वाढले म्हणून कोलाजेनही वाढले असे धरता येत नाही. उंदराच्या पेशींवरचा निष्कर्ष मानवी पेशींना जसाच्या तसा लागू पडत नाही.

नव्या अभ्यासकाला चकवणाऱ्या जागाही सांगितल्या पाहिजेत. अॅलिझरिन या रंगद्रव्याने बशी लाल झाली म्हणजे कॅल्शियम साचले एवढेच सिद्ध होते; फॉस्फेट जादा झाले तर हाड नसतानाही क्षार साचतात. पोषक द्रवातल्या रक्तद्रवात मुळातच स्टिरॉइड असतात, म्हणून ते कोळशाने गाळून घ्यावे लागते. नाहीतर ‘औषधाविना’ ठेवलेली बशी खरोखर औषधाविना नसते.

शिवाय बशीत रक्तवाहिन्या नाहीत, चघळणे नाही, जीवाणू नाहीत, प्रतिकारशक्ती नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गामुळे अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. तेथे बुरशीने रक्तवाहिन्या बंद करून हाड मारले. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती घटवून आणि साखर वाढवून तिला वाट दिली. ही घटना एकट्या अस्थिपेशींच्या अभ्यासातून कधीच उमगली नसती. म्हणून येथील कोणताही निष्कर्ष वाचून रुग्णाने आपली स्टिरॉइडची गोळी स्वतःहून बंद करू नये. ती अचानक थांबवणे जीवावर बेतू शकते.

स्टिरॉइड जबड्याच्या पेशींना पोषक की मारक, असा सरसकट प्रश्न निरुपयोगी आहे. कोणती पेशी, कोणाच्या जबड्यातली, किती मात्रा आणि किती दिवस, हे चार प्रश्न विचारले की उत्तरे मिळू लागतात. पुढचे प्रत्येक प्रकरण वाचताना ते हाताशी ठेवा. आणि स्वतःचा पहिला प्रयोग मांडाल, तेव्हा दात्याचे वय, लिंग, हाडाची नेमकी जागा, मात्रा आणि मुदत वहीच्या पहिल्याच पानावर लिहा.