केकॉन्फिगमधली मॅक्रो भाषा: कर्नल बांधण्याआधी कंपायलरला विचारलेला प्रश्न

आधी एक छोटं काम करा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा, अँड्रॉइड व्हर्जनवर टॅप करा आणि 'कर्नल व्हर्जन' शोधा. तिथे ४.९ किंवा ४.१४ असा आकडा असेल, तर तुमचा कर्नल एका मोठ्या बदलाच्या आधीच्या पिढीतला आहे. ४.१९, ५.१०, ६.१ असं काही असेल, तर बदलानंतरचा. हा बदल म्हणजे केकॉन्फिगमध्ये आलेली मॅक्रो भाषा. ती लिनक्स ४.१८ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०१८ मध्ये आली.

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि जुन्या फोनसाठी लॅपटॉपवर कर्नल बांधायचा नाद आहे. इंजिनिअरिंगची पोरं सेकंडहँड फोन घेतात, त्यावर कस्टम रॉम टाकतात आणि विचारतात, "दादा, डेफकॉन्फिगमध्ये सगळे सिक्युरिटीचे ऑप्शन 'वाय' केलेत, मग फोन सेफ ना?" उत्तर आहे, तेवढ्यावरून सांगता येत नाही. का, ते समजायला ही मॅक्रो भाषा समजून घ्यावी लागते.

(लेख देवनागरीत आहे, म्हणून फाईलची आणि कमांडची नावंही देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत करा.)

केकॉन्फिग म्हणजे काय?

लिनक्स कर्नल हा एकच सोर्स कोड, पण तो फोन, सर्व्हर, टीव्ही, राउटर सगळीकडे चालतो. कुठे काय हवं आणि काय नको, हे हजारो ऑप्शनमधून ठरतं. हे ऑप्शन आणि त्यांचे एकमेकांवरचे अवलंबून असलेले संबंध ज्या भाषेत लिहितात ती केकॉन्फिग. रोमन झिपेल यांनी ती लिहिली आणि २००२ मध्ये ती कर्नलमध्ये आली. मेनूकॉन्फिग चालवल्यावर दिसणारा निळा मेनू केकॉन्फिगच दाखवतं. तुमची निवड शेवटी 'डॉट कॉन्फिग' नावाच्या फाईलमध्ये उतरते. 'वाय' म्हणजे कर्नलमध्ये आत, 'एम' म्हणजे वेगळं मॉड्यूल, 'एन' म्हणजे नको.

अडचण कुठे होती?

केकॉन्फिगला ऑप्शन माहीत होते, पण कंपायलर माहीत नव्हता. उदाहरण घेऊ स्टॅक प्रोटेक्टरचं. यात कंपायलर फंक्शनच्या स्टॅकवर एक गुप्त आकडा ठेवतो. फंक्शन संपताना तो आकडा बदललेला दिसला, तर कोणीतरी मेमरीत घुसखोरी केली असं समजून कर्नल तिथेच थांबतो. याचा 'स्ट्रॉंग' प्रकार जीसीसी कंपायलरमध्ये ४.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून मिळतो.

आता समजा तुमच्याकडे त्याहून जुना जीसीसी आहे. मेनूत 'स्ट्रॉंग' दिसायचा, तुम्ही तो निवडायचात, डॉट कॉन्फिगमध्ये 'वाय' लिहिलं जायचं. कंपायलरला हे जमतं का, याची तपासणी त्यानंतर मेकफाईलमध्ये व्हायची. मग निवडलेल्या गोष्टीवरून बिल्ड अडायचा. इतर अनेक फ्लॅगच्या बाबतीत तर मेकफाईल न जमणारा फ्लॅग गुपचूप गाळून पुढे जायची. म्हणजे कागदावर एक आणि कर्नलमध्ये दुसरंच. सिक्युरिटीच्या बाबतीत हे फार वाईट, कारण कुलूप लावलंय असं समजून माणूस निवांत झोपतो.

२०१८ च्या सुरुवातीला स्टॅक प्रोटेक्टरवरूनच कर्नल डेव्हलपरांमध्ये चर्चा पेटली. लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं होतं की कंपायलरची तपासणी कॉन्फिगच्या वेळीच व्हायला हवी. त्या वेळी बिल्ड सिस्टीम सांभाळणारे मासाहिरो यामादा यांनी त्यासाठी केकॉन्फिगला मॅक्रो भाषा जोडली.

मॅक्रो म्हणजे काय?

लग्नपत्रिकेचा नमुना डोळ्यांसमोर आणा. मजकूर ठरलेला, फक्त 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' यांच्या पुढची जागा रिकामी. नावं दिली की पूर्ण पत्रिका तयार. मॅक्रो तसाच असतो. एक नाव, रिकाम्या जागा, आणि वापरताना त्या जागी मजकूर भरला जातो. कल्पना मेक या जुन्या टूलवरून घेतली आहे, म्हणून डॉलर आणि कंस तसेच आहेत. एक फरक आहे. मेकमध्ये अंगभूत फंक्शनच्या नावानंतर स्पेस देतात, केकॉन्फिगमध्ये स्वल्पविराम देतात.

अंगभूत फंक्शन मोजकीच आहेत. 'शेल' हे कमांड चालवून तिचं उत्तर आणतं. 'इन्फो', 'वॉर्निंग-इफ' आणि 'एरर-इफ' ही संदेश दाखवायला किंवा काम थांबवायला. 'फाइलनेम' आणि 'लाइननो' ही आपण कोणत्या फाईलच्या कितव्या ओळीत आहोत ते सांगतात. खरी ताकद 'शेल'मध्ये आहे. त्याच्यावरच 'सक्सेस' नावाचा मॅक्रो रचला आहे. दिलेली कमांड यशस्वी झाली तर 'वाय', नाहीतर 'एन'. आणि 'सक्सेस'वर 'सीसी-ऑप्शन' रचला आहे.

मग केकॉन्फिगमध्ये असं लिहिता येतं:

डिपेंड्स ऑन $(सीसी-ऑप्शन,-एफस्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्रॉंग)

ही ओळ वाचताना केकॉन्फिग एक रिकामी फाईल तो फ्लॅग लावून कंपाइल करून बघतं. जमलं तर त्या जागी 'वाय' येतं आणि ऑप्शन मेनूत दिसतो. नाही जमलं तर 'एन' येतं आणि ऑप्शन मेनूतून गायब होतो. म्हणजे जे जमणारच नाही ते तुम्हाला निवडताच येत नाही.

क्रम महत्त्वाचा: आधी ताणा, मग बाणा

आपल्या शहरातली हिमरू घ्या किंवा शेजारच्या पैठणची पैठणी. मागावर आधी ताणा, म्हणजे उभे धागे चढवतात. मग बाणा आडवा विणत जातात. विणकाम सुरू झाल्यावर ताण्याचा रंग बदलता येत नाही.

इथेही दोन टप्पे आहेत. फाईल वाचतानाच मॅक्रो पूर्ण उलगडले जातात. त्यांच्या जागी साधा मजकूर आल्यावरच केकॉन्फिगची मूळ भाषा काम सुरू करते. म्हणून मॅक्रोला ऑप्शनची किंमत विचारता येत नाही. 'वापरकर्त्याने अमुक ऑप्शन चालू केला तर ही कमांड चालव' असं लिहायला गेलात तर ते चालणार नाही, कारण मॅक्रो उलगडतो तेव्हा वापरकर्त्याने अजून काही निवडलेलंच नसतं. नवशिके इथेच अडकतात.

तुमच्या कस्टम रॉमशी याचा काय संबंध?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ऑप्शन मेनूतून गायब होतो, तेव्हा डेफकॉन्फिगमध्ये लिहिलेलं 'वाय' सुद्धा बाजूला पडतं, आणि एरर येत नाही. बिल्ड नीट पूर्ण होतो. म्हणजे खोटं 'वाय' लिहिलं जाण्याचा प्रश्न सुटला, पण शेवटची फाईल उघडून बघण्याची जबाबदारी आपल्यावर आली.

खरं उदाहरण बघा. क्लँग कंपायलरचं एलटीओ मुख्य कर्नलमध्ये ५.१२ ला आलं. त्याच्या अटींमध्ये क्लँग आणि एलएलडी लिंकर तर हवेतच, शिवाय 'सक्सेस' मॅक्रो 'एनएम' या टूलची मदत छापून पहिल्या ओळीत 'एलएलव्हीएम' हा शब्द आहे का ते बघतो. ५.१३ मध्ये आलेलं सीएफआय, म्हणजे कर्नलच्या फंक्शन कॉलना भलत्या वाटेवर जाऊ न देणारं संरक्षण, त्या वेळी एलटीओवर अवलंबून होतं. तोच डेफकॉन्फिग घेऊन तुम्ही जीसीसीने कर्नल बांधलात, तर दोन्ही गेले. फोन सुरू होईल, कॅमेरा चालेल, फक्त संरक्षण नसेल.

म्हणून मी तीन गोष्टी पाळतो.

१. मेनूकॉन्फिग आणि प्रत्यक्ष बिल्ड या दोन्हींना एकच आर्किटेक्चर आणि एकच कंपायलर देतो. फोनसाठी बांधताना दोन्ही वेळा 'आर्क बरोबर एआरएम६४' आणि 'एलएलव्हीएम बरोबर १'. मेनू उघडताना हे विसरलं, तर सगळे प्रश्न लॅपटॉपच्या कंपायलरला विचारले जातात.

२. बिल्डनंतर डेफकॉन्फिग बघत बसत नाही, डॉट कॉन्फिग बघतो. हवा तो ऑप्शन तिथे नसेल, तर मेनूकॉन्फिगमध्ये तिरपी रेघ दाबून त्याचं नाव शोधतो. तो कशावर अवलंबून आहे ते तिथे दिसतं.

३. फोनमध्ये कर्नल टाकल्यावर यूएसबी डिबगिंग चालू करून एडीबी शेलमधून 'प्रॉक' फोल्डरमधल्या दोन फाईली वाचतो. 'व्हर्जन' या फाईलमध्ये कर्नल कोणत्या कंपायलरने बांधला ते लिहिलेलं असतं. 'कॉन्फिग डॉट जीझेड' मध्ये चालू कर्नलचं पूर्ण कॉन्फिग असतं, ती झेडकॅटने उघडते. यासाठी रूट लागत नाही. मात्र कर्नल बांधताना ही फाईल ठेवण्याचा ऑप्शन चालू असायला हवा.

कंपनीचाच कर्नल असलेल्या नव्या फोनमध्ये ही काळजी कमी. अँड्रॉइड १२ सोबत ५.१० कर्नल घेऊन आलेल्या फोनपासून जीकेआय, म्हणजे सगळ्यांसाठी एकच मूळ कर्नल, ही पद्धत सुरू झाली. त्याचं कॉन्फिग गूगल ठरवतं आणि तो क्लँगने बांधला जातो.

कोणी सांगितलं की 'या रॉममध्ये सगळी सिक्युरिटी ऑन आहे', तर त्याच्याकडे डेफकॉन्फिग मागू नका. चालू फोनमधली कॉन्फिग डॉट जीझेड मागा. डेफकॉन्फिगमध्ये बांधणाऱ्याची इच्छा असते. कंपायलरने खरंच काय मान्य केलं, ते या फाईलमध्ये दिसतं.