जुन्या पिकअपचे झटके : दोष इंजिनात की गिअरबॉक्समध्ये?

गुम्मिडिपूंडी (तमिळनाडू) : चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, चेन्नई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग १६ वर गुम्मिडिपूंडी हे तिरुवल्लूर जिल्ह्यातील औद्योगिक गाव आहे. येथील ‘सिपकॉट’ औद्योगिक वसाहत, पोलादाचे कारखाने आणि जवळच असलेली आंध्र प्रदेशाची सीमा यांमुळे लहान मालवाहू पिकअप गाड्यांची येथे सतत ये-जा असते. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसला महाराष्ट्रात ‘छोटा हत्ती’ म्हणतात, तर तमिळमध्ये ‘कुट्टी यानै’. नाव तेच, आणि जुन्या गाडीच्या तक्रारीही त्याच : गिअर नीट पडत नाही, गाडी झटके मारते, इंजिन ‘मिस’ मारते.

या तीन तक्रारी चालक बहुधा एका दमात सांगतो आणि नेमकी तेथेच चूक होते. एक सिलिंडर काम करत नसेल, तर भरलेली गाडी उचलताना बसणारा धक्का क्लच खराब झाल्यासारखा वाटतो. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गाडी किमान एक दिवस उभी राहते आणि एका गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाची त्या दिवसाची कमाई बुडते. एवढे करूनही झटका कायम राहिला, तर पुढचा संशय गिअरबॉक्सवर जातो. ‘बदलून पाहू’ ही दुरुस्तीची सर्वांत महागडी पद्धत आहे. त्याऐवजी कोणताही भाग खोलण्यापूर्वी झटका नेमका केव्हा बसतो, हे ठरवणे आवश्यक असते.

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिन लंगडत असेल, तर दोष इंजिनाच्या बाजूचा आहे. तेथे गिअरबॉक्सवर भारच नसतो. चालत्या गाडीत एकाच वेगावर वरचा आणि खालचा गिअर टाकून पाहावे. गिअर बदलल्यावर थरथरीची लय बदलली, तर ती इंजिनाच्या फेऱ्यांशी जोडलेली आहे. लय तीच राहिली आणि गाडीच्या वेगासोबतच वाढली, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, सेंटर बेअरिंग किंवा चाके तपासावीत. थरथर फक्त जागेवरून गाडी उचलताना होत असेल, तर क्लच प्लेटवर गळालेले तेल, झिजलेली प्रेशर प्लेट किंवा तुटलेले इंजिन माउंटिंग यांपैकी एक कारण असण्याचा संभव अधिक. माउंटिंगची परीक्षा सोपी आहे : बॉनेट उघडून, ब्रेक दाबून ठेवून, पहिल्या आणि मग रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडावा. इंजिन एका बाजूला ठळकपणे उचलले गेले, तर रबर तुटलेले असते. या वेळी गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये.

गिअर पडताना होणारी खरखर हा वेगळा विषय. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण सुरू असताना अडतात, असे असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकल्यावरही दात घासल्याचा आवाज आला, तर हे निदान पक्के होते. केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये ताण जुळवून काम भागू शकते. हायड्रॉलिक क्लचमध्ये गळती किंवा अडकलेली हवा शोधावी लागते. दोन्ही कामे गिअरबॉक्स न उतरवता होतात. खरखर एकाच गिअरला होत असेल, तरच त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजल्याचा संशय घ्यावा. भार घेतल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पिकअप भारतात मोजक्याच आहेत. गुम्मिडिपूंडीपासून जवळच, आंध्र प्रदेशातील श्री सिटी येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात इसुझूची डी-मॅक्स तयार होते. तिच्या काही आवृत्त्यांत ही सोय मिळते. अशा गाडीत स्थिर वेगावर थरथर जाणवली, तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला पायाने हलका स्पर्श करावा. त्यामुळे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दोष कन्व्हर्टरचा किंवा तेलाचा. चालूच राहिली तर इंजिनाचा.

इंजिन मिस मारते, हे ठरल्यावर प्रश्न उरतो कोणता सिलिंडर आणि का. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेटतो. पहिल्या टाटा एसच्या ७०२ सीसी डिझेल इंजिनात सिलिंडर दोनच होते. त्यातील एक थंड पडला की निम्मी ताकद जाते आणि दोष लपत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात मात्र चालक महिनोन्महिने ‘पिकअप कमी झाला’ एवढेच म्हणत राहतो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनात अनुभवी मेस्त्री एकेका नोझलच्या पाइपचे नट किंचित सैल करून पाहतात. इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मृत आहे. मग त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावायचे. दोष नोझलसोबत गेला तर नोझल खराब, जागीच राहिला तर व्हॉल्व्ह, पिस्टन रिंग किंवा पंपाकडे वळावे. हीच युक्ती कॉमन रेल इंजिनावर वापरणे मात्र धोक्याचे आहे. तेथे इंधनाचा दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि त्या दाबाची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असते. अशा इंजिनात प्रत्येक इंजेक्टरचे परतणारे इंधन छोट्या बाटल्यांत मोजतात. इतरांपेक्षा फार जास्त परत पाठवणारा इंजेक्टर झिजलेला असतो.

धुराचा रंग मदत करतो. थंड इंजिनातून पांढरा धूर आणि लंगडणे, गरम झाल्यावर दोन्ही नाहीसे, असे झाले तर ग्लो प्लग तपासावेत. काळा धूर हवा कमी किंवा इंधन जास्त असल्याचे, निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. धूर वेगळा नाही, पण गाडी मधूनच गचके खाते आणि हातपंप मारल्यावर काही काळ सुधारते, तेव्हा इंधनाच्या नळीत हवा शिरत असते.

पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांत सुरुवात स्पार्क प्लग आणि कॉइलपासून करावी. सीएनजी पेटवण्यासाठी ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते. त्यामुळे थकलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर उघडा पडतो. स्कॅनर लागत असेल तर पी ०३०१ ते पी ०३०४ हे संकेतांक अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरकडे बोट दाखवतात. पी ०३०० म्हणजे दोष एका सिलिंडरपुरता नाही. तेव्हा प्लग नव्हे, तर इंधनाचा दाब, हवेची गळती किंवा अर्थिंगची तार आधी पाहावी. संकेतांक सिलिंडर सांगतो, कारण नाही; हा भेद न केल्याने कितीतरी चांगल्या कॉइल भंगारात जातात.

या पट्ट्यात आणखी एक कारण विसरता येत नाही : पाणी. येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. डिसेंबर २०२३ मधील मिचाँग चक्रीवादळात चेन्नई आणि परिसर पाण्याखाली गेला होता. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडाला की थंड होताना हवाछिद्रातून पाणी आत ओढतो. तेल दुधाळ होते, सिंक्रोनायझर आणि बेअरिंग गंजतात आणि गिअर अडण्याची तक्रार काही महिन्यांनी सुरू होते, तोवर पूर विस्मरणात गेलेला असतो. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी तर नोझलच खराब करते. कोकण किंवा कोल्हापूर-सांगलीच्या पूरग्रस्त भागातून जुनी पिकअप विकत घेणाऱ्यानेही गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलच्या तेलाचा रंग पाहूनच व्यवहार करावा. त्यासाठी एक बोल्ट सैल करणे पुरेसे असते.